‘मागचा व्हॉल्व्ह काढून टाक’

जुनी मोटरहोम घेतली की पहिला फुकट सल्ला ठरलेला असतो: ‘वजन सगळं मागे आहे, मग मागचे ब्रेक वाढव. तो मागचा व्हॉल्व्ह काढून टाक, गाडी जागीच थांबेल.’ थांबेल हो, पण तोंड आल्या वाटेकडे करून.

१९८१ साली आलेल्या पहिल्या फियाट ड्युकॅटोवर युरोपात भरपूर मोटरहोम बांधल्या गेल्या. तिच्या मागच्या ॲक्सलपासून एक दांडी बॉडीखालच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. बॉडी खाली बसली की व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो, वर उठली की कमी. त्याला किलो कळत नाहीत, उंची कळते.

आता हिशेब. साडेतीन टनांची गाडी धरा: पुढे १४०० किलो, मागे २१००, दोन ॲक्सलमध्ये ३.७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर वर. ०.६ जी इतका जोराचा ब्रेक मारला की सुमारे ५७० किलोंचा भार मागून पुढे येतो. पुढे १९७०, मागे १५३०! मागचं ते प्रसिद्ध वजन उभ्या गाडीतलं होतं. त्याच्या भरवशावर मागे दाब वाढवला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. पुढची जाम झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरते. मागची जाम झाली तर गाडी गिरकी घेते. एबीएस नसलेल्या गाडीत पुढची चाकं आधी जाम व्हावीत, हेच संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमावली क्र. १३ मागचंही तत्त्व आहे. तरी पाना घेऊन गाडीखाली शिरणारे शिरतातच.

खरा घोळ बहुधा स्प्रिंगमध्ये असतो. कमानपाटे दमून गाडी बसली, की व्हॉल्व्ह तिला कायम भरलेली समजतो. मग कोणी हवेचे फुगे बसवून ती उचलतो, आणि तोच व्हॉल्व्ह तिला रिकामी समजून मागचा दाब कापतो. पुढचे ब्रेक एकटेच तापतात. आपल्याकडे भारानुसार दाब बदलणारा असा व्हॉल्व्ह असलेल्या व्हॅनची कॅम्पर करताना जादा पाटा टाकतात, तिथेही हेच होतं. आधी उंची नीट करा, गंजलेली दांडी मोकळी करा, मग मॅन्युअलप्रमाणे ती जुळवून पुढचा-मागचा दाब गेजने मोजा. पायाच्या अंदाजाने ब्रेक जुळत नाहीत.

बाकीचे समज किरकोळ. मोठा बूस्टर लावला की गाडी लवकर थांबते? पाय हलका होतो, एवढंच. चाक जाम करण्याइतका जोर आधीच असेल तर बाकीचं टायर आणि रस्ता ठरवतात. गाडी एका बाजूला ओढते म्हणून नवे लायनर? आधी रबरी होज बघा; तो आतून फुगला की ऑइल जातं, पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. ब्रेक ऑइल स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं? डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते, आणि ते पाणी डोळ्यांना दिसत नाही.