एक शाई, दोन यंत्रे

20 नोव्हेंबर 2024 रोजी देगलूरच्या मतदाराने बोटाला शाई लावून घेऊन दोन मते दिली: एक विधानसभेसाठी, दुसरे नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाल्याने हा योग आला. एरवी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका 1999 नंतर एकत्र झालेल्या नव्हत्या. देगलूर, मुखेड, नायगाव, भोकर, नांदेड उत्तर आणि नांदेड दक्षिण या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. याच सहा मतदारसंघांचा मिळून बनलेला लोकसभा मतदारसंघ मात्र वसंतरावांचे पुत्र, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी 1,457 मतांनी राखला.

पंधरा दिवस आधी अमेरिकेतही असेच घडले होते. मिशिगन, विस्कॉन्सिन, नेवाडा आणि अॅरिझोना ही राज्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प यांना मिळाली, तेथील सिनेटच्या जागा डेमोक्रॅटिक पक्षाला. त्यावर दोन्ही पक्षांचे रणनीतिकार भिडले. आपले उमेदवार लोकांना अधिक भावले, असे डेमोक्रॅटिक बाजूचे म्हणणे. ट्रम्प यांचा मतदार खालच्या रकान्यापर्यंत गेलाच नाही, असे रिपब्लिकन बाजूचे. मिशिगनचे आकडे दुसऱ्या बाजूला झुकतात. सिनेटच्या विजेत्या एलिसा स्लॉटकिन यांना कमला हॅरिस यांच्यापेक्षा सुमारे 24 हजार मते कमीच पडली. पराभूत माइक रॉजर्स मात्र ट्रम्प यांच्या 1 लाख 23 हजारांनी मागे राहिले.

अमेरिकेत लांबलचक मतपत्रिकेवर रकाना कोरा सोडता येतो. नांदेडला दोन स्वतंत्र यंत्रे होती, त्यामुळे हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही. काँग्रेसच्या गोटातून यंत्रांवरच शंका घेतली गेली. पण देगलूरचा इतिहास पाहिला तर उत्तर उमेदवारातच शोधावे लागते.

2008 च्या फेररचनेनंतर अनुसूचित जातींसाठी राखीव झालेल्या या जागेवर काँग्रेसचे रावसाहेब अंतापूरकर आणि सुभाष साबणे यांची झुंज रंगली: 2009 ला अंतापूरकर, 2014 ला शिवसेनेचे साबणे, 2019 ला पुन्हा अंतापूरकर. एप्रिल 2021 मध्ये रावसाहेब गेले. पोटनिवडणुकीच्या तोंडावर साबणे भाजपमध्ये आले. काँग्रेसची धुरा माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांकडे होती, आणि रावसाहेबांचे पुत्र जितेश सुमारे 42 हजारांनी जिंकले. फेब्रुवारी 2024 मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, पुढे जितेशही गेले. नोव्हेंबरात ते कमळावर लढले आणि सुमारे 43 हजारांनी निवडून आले. हाताचे मताधिक्य जवळजवळ जसेच्या तसे कमळाला मिळाले. पक्षनिष्ठेवर आखलेली कोणतीही रणनीती येथे कोलमडते.

रवींद्र चव्हाणांच्या विजयातही वडिलांच्या निधनाची सहानुभूती होती. मात्र तेवढ्यावर तो विजय तोलता येत नाही: जून 2024 मध्ये वसंतराव 59,442 मतांनी जिंकले होते. साडेपाच महिन्यांत त्यातली सुमारे 58 हजारांची आघाडी आटली. विधानसभेची लाट लोकसभेच्या यंत्रावरही आली होती. ती काठावर अडली.