भिंतीवरची मातीची रेघ



गेल्या मे महिन्यात माळ्याखालची आंब्याच्या लाकडाची पेटी उचलायला गेले, तर तळ जमिनीवरच राहिला. वरून पेटी धडधाकट, रंगसुद्धा उडाला नव्हता. आतला सातबारा आणि सासूबाईंची लग्नातली नऊवारी, दोन्हीची चाळण झालेली. सातबारा तलाठ्याकडून पुन्हा मिळाला. पेटीमागे भिंतीवर चढलेली मातीची रेघ मी महिनाभर पाहत होते. सारवणाचा ओघळ असेल म्हणून सोडून दिली.

वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती झुरळाच्या नात्यातली. तिचं अंग मऊ. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून जमिनीतून लाकडापर्यंत जाताना ती माती नि लाळ कालवून पेन्सिलीएवढी बंद वाट बांधते. लाकूडही आतून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. तेव्हा किडा शोधू नका, माती शोधा.

रेघ दिसली की लगेच पुसू नका. मधेच पेरभर फोडा. आत पांढुरके किडे दिसले तर शंकाच नको. न दिसले तर दोन-चार दिवस थांबा. फोडलेली जागा ओल्या मातीने बुजली, तर वाळवी कामावर आहे. बुजली नाही म्हणून ती गेली असं मात्र धरू नका. दुसरीकडून वाट काढली असेल.

मग चौकटी, फळ्या, पलंगाचे पाय ठोकून बघा, बाजारात कलिंगड ठोकतो तसे. पोखरलेलं लाकूड पोकळ वाजतं, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत जातो.

पहिल्या पावसानंतर केरात पंख सापडतात. दिव्याला बाहेरूनही किडे येतात. पण खिडक्या बंद असताना भिंतीच्या भेगेपाशी पंखांचा ढीग पडला, तर ते घरातूनच निघालेत. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे लांब, मागचे आखूड, आणि कंबर बारीक.

लाकडाला बारीक गोल भोकं पडून खाली पिठासारखा भुगा सांडत असेल, तर तो भुंगेऱ्याचा उद्योग. त्याचा उपाय वेगळा.

रॉकेल शिंपडून वरवरची वाळवी मरते. राणी जमिनीखाली अंडी घालतच राहते. औषध जमिनीत सोडावं लागतं. ते जाणकाराकडूनच करून घ्या आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर त्याला आधी सांगा. तोवर पेट्या भिंतीपासून हातभर पुढे, विटांवर ठेवा. वाळवी चढलीच, तर तिची वाट दिसेल तरी.