पुरीचा समुद्र आणि बावीस पायऱ्या

प्रत्येक सहल दोनदा होते. एक आपण जाऊन येतो ती, आणि दुसरी जाण्याआधी घरात बसून करतो ती. पहिलीला पैसे पडतात, दुसरीला घसा! गेले दोन महिने आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात ही दुसरी सहल जोरात चालू आहे. ठिकाण ठरले आहे ओडिशातले जगन्नाथपुरी. ते ठरायला मात्र पाच मिनिटेही लागली नाहीत.

त्याचे कारण सोपे आहे. मुलांना हवा होता समुद्र आणि वाळू. ह्यांना पाहायचे होते कोणार्कचे सूर्यमंदिर. सासूबाईंचे बदरीनाथ, द्वारका आणि रामेश्वर झालेले, चार धामांपैकी पुरी तेवढे राहिलेले. आणि मला? चार दिवस कोणी 'आज जेवायला काय?' असे विचारू नये, एवढीच माझी मागणी. जुनी समजूत अशी आहे की विष्णू रामेश्वरला स्नान करतो, बदरीनाथला ध्यानाला बसतो, द्वारकेला विश्रांती घेतो आणि जेवायला येतो तो पुरीला. जिथे खुद्द देव जेवायला येतो, तिथे माझीही सोय होईलच!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "समुद्रच बघायचा तर एवढ्या लांब कशाला? जुहू काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही. पण आपल्या कोकणपट्टीवर सूर्य समुद्रात बुडतो, आणि पुरीला हिवाळ्यात तो समुद्रातून वर येतो. जन्मभर सूर्यास्त पाहिलेल्या माणसांनी एकदा पहाटे उठून वाळूवर उभे राहावे, हे काही कमी निमित्त नव्हे. शिवाय देऊळ आणि समुद्र इतके जवळ, की आजीने दर्शन घ्यावे आणि नातवंडांनी त्याच सकाळी डुंबावे. आजकाल समुद्रकाठी मोठमोठी हॉटेले उभी राहतात. आपल्या पूर्वजांनी मात्र चार धामांपैकी तीन समुद्राकाठीच ठेवले! हवापालटाची गोडी त्यांनाही असावी.

खरा वाद पेटला तो तारखेवरून. मुलांना दिवाळीची सुटी, ह्यांची रजा शिल्लक, तेव्हा भाऊबीज आटोपली की निघायचे, असा पहिला बेत होता. मी त्याला विरोध केला आणि अजूनही तो योग्यच होता असे मला वाटते. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याआधी, एप्रिल ते जूनचा. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्या दिवसांत समुद्राचे पाणी चांगलेच तापलेले असते आणि वाफेच्या रूपाने तीच ऊब वादळाला बळ पुरवते. आपली दिवाळी नेमकी या दुसऱ्या हंगामात येते.

हे म्हणाले, "वादळं काय दर वर्षी येतात?" दर वर्षी पुरीला येत नाहीत, हे खरे. पण मी वहीत तारखा लिहून त्यांच्यापुढे ठेवल्या. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पारादीपजवळ आलेल्या महावादळात हजारो माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' धडकले. ३ मे २०१९ रोजी 'फनी' तर पुरीवरच आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'दाना' किनाऱ्याला लागले ते पुष्कळ उत्तरेकडे, तरी त्याआधी पुरीतल्या प्रवाशांना गाव सोडायला सांगण्यात आले होते. १९९९ नंतर ओडिशाने मोठा धडा घेतला. आता सूचना काही दिवस आधी मिळते आणि लाखो लोकांना वेळेवर हलवले जाते. फनीच्या वेळी दहा लाखांहून अधिक माणसे सुरक्षित जागी नेली होती. जीव वाचतात, हे फार मोठे काम झाले. पण दोन मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी यांना घेऊन परक्या गावात ऐनवेळी परतीची गाडी शोधायची, ही कल्पनाच मला पेलवेना.

मग उन्हाळ्याची सुटी? मे महिन्यात तिथला उकाडा घामाने निथळवतो, आणि पहिला वादळी हंगामही तेव्हाच. त्यातून ज्येष्ठी पौर्णिमेला जगन्नाथाचे स्नान झाले, की देव आजारी पडतात असे मानतात, आणि पुढचे सुमारे पंधरा दिवस नेहमीचे दर्शन बंद असते. जून महिन्यात जाणाऱ्यांनी पंचांग पाहिल्याशिवाय निघू नये. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा. ती पाहण्यासारखी खरी, पण त्या गर्दीत दुखऱ्या गुडघ्यांचे काम नाही. दुर्गापूजा आणि नाताळ म्हटले, तर बंगाली कुटुंबांनी पुरी अगदी फुलून गेलेली असते.

असे एकेक महिना खोडत खोडत उरला तो जानेवारी. संक्रांतीचा तिळगूळ वाटून निघायचे. तिथे तेव्हा हवा कोरडी, दिवसा स्वेटर नको, रात्री हलकी शाल पुरे. मुलांची काही दिवस शाळा बुडेल. कोणार्कच्या रथाची चोवीस चाके आणि सात घोडे स्वतः मोजून आल्यावर इतिहासाच्या बाई रागावतील असे मला वाटत नाही.

जायचे कसे, हाही प्रश्न होताच. विमानाने मुंबईहून भुवनेश्वर अडीच तासांच्या आसपास, आणि पुढे पुरी साठेक किलोमीटर. पण पाच तिकिटांची बेरीज पाहून ह्यांनी चष्मा काढून ठेवला! तेव्हा कोणार्क एक्सप्रेसने दोन रात्री. मुलांना गाडीतली झोप हीच अर्धी सहल वाटते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे संक्रांतीनंतर निघायचे तर नोव्हेंबरच्या मध्यावर तयार राहायला हवे, आणि आजींसाठी खालचा बर्थ आधी.

मुलांसाठी मी एकच नियम केला आहे. पाण्यात उतरायचे ते नुलियाचा हात धरून. नुलिया म्हणजे तिथले मूळचे तेलुगू कोळी. डोक्यावर निमुळती टोपी घालून ते प्रवाशांना लाटांत नेतात आणि आणतात. पुरीचा समुद्र दिसायला सुंदर असला तरी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठून तरी परत जाणारच. ते एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत ओढले जाते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. ओढीत सापडलेच, तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नये, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावे. हे मी थोरल्याकडून पाठ करून घेतले आहे. धाकटीला मात्र गुडघाभर पाण्यापुढे परवानगी नाही.

बेत असा आखला आहे. पहिला दिवस कोराच ठेवायचा, नुसता समुद्र. दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन, आणि दुपारी आनंदबाजारात महाप्रसाद. मातीची मडकी एकावर एक रचून लाकडाच्या जाळावर शिजवलेले ते अन्न जातपात न पाहता सारे एकत्र बसून खातात. तिसऱ्या दिवशी पस्तीस किलोमीटरवरचे कोणार्क. चौथ्या दिवशी सातपाड्याला जाऊन चिलका सरोवरात डॉल्फिन पाहायचे. जानेवारीत तिथे दूरदेशीचे पक्षीही उतरलेले असतात. पाचवा दिवस पुन्हा कोरा. कोणी थकले, कोणाचे पोट बिघडले, तर तो हाताशी असावा. आजारपण न आले तर खाजा घ्यायला बाजार आहेच!

आता राहिली सासूबाईंची गोष्ट, आणि खरे तर सगळा बेत तिच्यासाठीच आहे. डॉक्टरांनी गुडघे तपासून सांगितले, "जायचं तर या वर्षी जा. पुढचं मी सांगत नाही." देवळाच्या सिंहद्वारापुढे काळ्या दगडाचा उंच अरुणस्तंभ आहे. तो मूळचा कोणार्कचा. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्या मराठी अमदानीत तो पुरीला आणून उभा केला. आमच्या ह्यांना याचा फार अभिमान! त्या स्तंभाच्या पुढे, दरवाजातून आत शिरले की पायऱ्या लागतात. मोजून बावीस.

हे बावीस मी सासूबाईंना सांगावे की नाही, यावर आम्ही नवराबायकोंनी दोन रात्री कुजबूज केली. शेवटी एकदा चहा देताना मी बोलून टाकले, "आई, देवळात बावीस पायऱ्या आहेत. दम लागेल."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "बावीसच ना? आपल्या दाराशी यायला छत्तीस आहेत. मी मोजल्यात."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता त्या कठड्याला धरून जिना उतरतात आणि चढतात. आरंभी अर्ध्या वाटेवरच्या चौकात धाकटी स्टूल घेऊन बसायची, आजीला टेकायला. गेल्या आठवड्यापासून ते स्टूल घरातच असते. मी वरून कान देऊन असते. एक पाऊल, मग काठीचा आवाज, मग दुसरे पाऊल. बाविसावी पायरी झाली की त्या क्षणभर थांबतात, हात जोडतात आणि उरलेल्या चौदा चढून घरात येतात.