दिंडी आणि दरवाजा

मुलांनो, जुन्या वाड्याचा भव्य दरवाजा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या एका फळीतच लहानशी दिंडी असते. नित्याची ये-जा दिंडीतून चालते. मेणा किंवा गाडी आत न्यावयाची असेल, तेव्हाच सबंध दरवाजा उघडतात. घागर घेऊन येणाऱ्या माणसास तो अवजड दरवाजा रेटावा लागत नाही. संगणकाच्या उत्तम आज्ञावलीची रचनाही अशीच असावी लागते.

नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. त्याच नाशकात, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, मेथीची जुडी घेणारे गिऱ्हाईक आज नोटेऐवजी मोबाईलने पैसे देते. ही सोय ‘यूपीआय’ या व्यवस्थेमुळे झाली. ‘एनपीसीआय’ या मुंबईच्या संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये २१ बँकांना घेऊन तिचा आरंभ केला.

भाजीवाल्या मावशींना काय करावे लागते? क्यूआर कोडची एक छापील चौकट समोर ठेवावयाची, एवढेच. गिऱ्हाईक तिच्यावर मोबाईल धरते, रक्कम लिहिते आणि पिन देते. पुढे गिऱ्हाइकाची बँक तो पिन व खात्यातील शिल्लक पडताळते. नंतर मावशींच्या बँकेत रक्कम जमा होते. दोन्ही बँका भिन्न असल्या, तरी सर्वांचे नियम एकच असल्यामुळे निरोप अडत नाही. हा सारा खटाटोप काही क्षणांत उरकतो.

ज्यांच्या गरजा मोठ्या, त्यांच्यासाठी याच व्यवस्थेचा मोठा दरवाजा उघडतो. २०१९ पासून शेअरसाठी अर्ज करताना आणि २०२० पासून ठराविक मुदतीचे हप्ते आपोआप भरण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. २०२२ मध्ये साध्या बटणांच्या मोबाईलवरूनही पैसे देण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२३ या एकाच महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तरीही मावशींची चौकट होती तशीच साधी राहिली.

दिंडी सहज उघडत असली, तरी तिला कडी हवीच. पिन ही ती कडी होय. पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे मिळण्यासाठी तो कधीही द्यावा लागत नाही. हे ज्याने ध्यानात ठेवले, तो ठकांच्या भूलथापांना बळी पडणार नाही.

अवघडपणाचा भार जाणत्याने आपल्या खांद्यावर घेतला, म्हणजे नेणत्याची वाट सुकर होते. आज्ञावली रचणाऱ्याचे खरे कौशल्य यातच आहे.