शंका विचारावी
आंबा आणि पिंपळ शेजारी वाढले, तरी त्यांना पालवी एकाच दिवशी फुटत नाही. मुलामुलींचेही तसेच आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या संदेशाने मुलींचे शरीर बहुधा ८ ते १३, तर मुलग्यांचे ९ ते १४ या वयात पालटू लागते. काही मुलग्यांची छाती किंचित सुजते, दुखते. बहुधा ती दोनएक वर्षांत आपोआप पूर्ववत होते. हे ठाऊक नसलेला मुलगा लाजेने पोहणे सोडतो व एकटाच झुरतो. अशी शंका वडीलधाऱ्यांना सांगावी, डॉक्टरांना विचारावी. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी शासकीय रुग्णालयांत सल्लाकेंद्रे आहेत. शंका कोंडली की तिचे भय होते. विचारली की ज्ञान होते.