जोडीच्या नोंदी, जोडीच्या फाइली

नागपूर शहर वाढत वाढत हुडकेश्वरपर्यंत पोचले आणि तेथील शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी एखाद्या भूखंडाची मूळ जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे पाहू गेल्यास एका कागदावर भागत नाही. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक अंक असतो. तो फेरफाराचा क्रमांक होय. त्यावरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडावी लागते. जमीन वारसाहक्काने आली असल्यास ६-क मध्ये वारसांची नावे पाहावी लागतात, तर खातेदाराची गावातील एकूण जमीन ८-अ वर मिळते. ही वाट न चालता केवळ सातबाऱ्यावर समाधान मानणाऱ्यास वगळलेली बहीण पुढे न्यायालयातच भेटते.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या संपादकांतही अशीच वाट ठेवलेली असते. ठराव एका फाइलीत, लाभार्थ्यांची यादी दुसरीत आणि इतिवृत्त तिसरीत, ही कार्यालयातील नेहमीची स्थिती. तिन्ही फाइली उघड्या असतात. पण घाईत भलत्याच यादीत नाव घातले जाते आणि खरा हक्कदार बाहेर राहतो.

नेदरलँड्सचे ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’ या संपादकात यावर मार्मिक उपाय आहे. कंट्रोल आणि ६ या कळा एकत्र दाबल्या की आधीची फाइल समोर येते. पुन्हा दाबल्या की पहिली. ठराव व यादी ताडून पाहताना याहून अधिक काही लागत नाही. दुसरी सोय तर वर्तुळातील अंकाचीच आठवण करून देते. ठरावाच्या मजकुरात यादीच्या फाइलीचे नाव लिहिलेले असल्यास त्यावर कर्सर ठेवून ‘जी’ व ‘एफ’ या कळा ओळीने दाबाव्यात. ती फाइल उघडते. कंट्रोल आणि ‘ओ’ने परत येता येते. मात्र आधीचे बदल जतन केलेले असावेत आणि फाइलीच्या नावात मोकळी जागा नसावी.

इतका खटाटोप नको असणाऱ्यांसाठी कंट्रोल आणि टॅब ही जोडी आहेच. ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये चालते, आणि विंडोज ११ च्या साध्या नोटपॅडमध्येही २०२३ पासून टॅब आले आहेत.

कोणती फाइल कोणत्या फाइलीची जोडीदार, हे मात्र संपादकास आपोआप कळत नाही. म्हणून ‘ठराव-०७’ची यादी ‘यादी-०७’ याच नावाने ठेवावी. ‘नवीन’, ‘नवीन-२’, ‘अंतिम-नवीन’ अशी नावे देण्याची पद्धत कार्यालयांत फार रुळली आहे. तीत जोडी शोधणे लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने जमत नाही.