बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बार्शीत वाढलेल्या माणसाच्या कानावर 'जन्म' हा शब्द लहानपणापासून एका कथेतून पडतो. अंबरीष राजाचे द्वादशीचे व्रत होते. पारण्याची घटका टळू नये म्हणून अतिथी यायच्या आधी तो नुसते पाणी प्यायला आणि दुर्वास कोपले. त्यांनी गर्भवासाचा शाप दिला, तो भगवंताने स्वतःवर घेतला. म्हणून आमचा भगवंत अंबरीषवरद. म्हणजे आपल्याकडे जन्म ही चुकवायची गोष्ट. एखादा ख्रिस्ती माणूस 'माझा नवा जन्म झाला' असे आनंदाने सांगतो, तेव्हा बार्शीकर बुचकळ्यात पडतो. मीही पडलो होतो. मी भुसार अडतीवरचा दिवाणजी, शिक्षण दहावीपर्यंत. पण या एका शब्दापायी गेली काही वर्षे पंडिता रमाबाईंचे लेखन वाचतो आहे.

मूळ प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला. निकदेम नावाचा परूशी रात्री येशूकडे येतो. हा माणूस पापी, व्यसनी नव्हे. नियमधर्म काटेकोर पाळणारा शास्त्री. आणि नव्याने जन्मावे लागेल असे येशू नेमके त्यालाच सांगतो. तिथला मूळ ग्रीक शब्द 'आनोथेन'. त्याचे अर्थ दोन : 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेमाने पहिला अर्थ घेतला आणि म्हाताऱ्याने आईच्या पोटात परत कसे शिरायचे, असे विचारले. सांगायचे होते ते वरून मिळणाऱ्या जन्माबद्दल. मूल स्वतःच्या खटपटीने जन्मत नाही, तसा हा जन्मही कमावता येत नाही. मराठीत 'पुनर्जन्म' म्हटले तर चौऱ्यांशीचा फेराच आठवणार. तेव्हा 'नवा जन्म' म्हणणेच बरे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. दुष्काळात धान्य संपले, तरी स्नाने, उपास, देवदर्शन चालूच होते. पोथीत सांगितलेले सर्व केले आणि 1874 च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पुढे पायी देश तुडवत राहिली. कष्टाचे माप भरले, फळ आले नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात, की आठ वर्षांनी त्यांना उमगले : ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त आला नव्हता. वाँटेजची मंडळी अँग्लिकन चर्चच्या ज्या पंथाची, तो बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो असे मानणारा. पुढे त्यांच्या वाचनात हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त आले. हाही त्याच विचाराचा. 1851 साली कॉर्नवॉलमध्ये स्वतः प्रवचन करता करता त्याचेच मन पालटले आणि पाळकाचे परिवर्तन झाले, अशी ऐकणाऱ्यांनी आरोळी ठोकली! धर्म शिकवणाऱ्यालाही नवा जन्म उरलेला असू शकतो, हे रमाबाईंनी तिथे वाचले.

त्यांचा स्वतःचा निवाडा मला मात्र थोडा कडक वाटतो. त्या आठ वर्षांत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर पुस्तक लिहिले, अमेरिकेत निधी उभा केला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पण खातेवही त्यांची; बाकी काढण्याचा हक्कही त्यांचाच.

आणि नवा जन्म फुकट पडला नाही. सदन पुण्यात आल्यावर रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांच्या शाळेला धर्मांतराची जागा होऊ द्यायची नाही, ही पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. स्वतःला सापडलेले लपवायचे नाही, हा रमाबाईंचा हट्टही खोटा वाटत नाही.

माझ्या आईने पन्नास वर्षे एकादशी केली. शेवटच्या आजारपणात एक एकादशी चुकल्याचे आठवून ती रडायची. किती केले म्हणजे पुरते, हा तिचा प्रश्न होता. मी तिला अंबरीषाची कथा सांगितली, की बाकीचे त्याने आपल्या अंगावर घेतले आहे. ती म्हणाली, "तो राजा होता रे." निकदेमाचा प्रसंग मला त्या दिवशी कळला.

पण नवा जन्मही व्रत होऊन बसू शकतो. जून 1905 च्या अखेरीस केडगावच्या मुक्ती सदनात मोठी जागृती झाली. मुली रडत, पापे कबूल करत. दुष्काळातून आलेल्या मुलींचे ते रडणे खरेच असणार. मात्र शेजारची रडते आहे आणि आपल्याला रडू येत नाही, अशी एखादी मुलगी तिथे असेल तर तिचे काय झाले, हे मला नेहमी जाणून घ्यावेसे वाटते.

रमाबाईंचे कष्ट काही थांबले नाहीत, उलट वाढले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी सगळे बायबल उतरवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडेच आधी ते काम हातावेगळे झाले होते. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी जुळवले.